चेहऱ्याची प्रश्नपत्रिका

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही काही प्रवासाला जायची ठिकाणं नव्हेत. मिरजेत मी तिकडे निघाल्याचं सांगितलं तेव्हा शेजारच्या काकूंनी काळजीने विचारलं, "कोण आजारी आहे?" कोणी आजारी नव्हतं. सगळे बरे झाले होते. किती बरे झाले ते मोजायला मी चालले होते.

हे मोजमापाचं खूळ माझं नाही. मुंबईतले एक शल्यविशारद जळालेले, फाटलेले चेहरे दुरुस्त करतात. हात सोन्याचा आहे, हे आधीच मान्य करते, कारण पुढे त्यांच्याबद्दल फारसं चांगलं लिहिणार नाही. पुढेमागे चेहरा-प्रत्यारोपण करायचं, म्हणजे मृत माणसाचा चेहरा जिवंत माणसाला बसवायचा, असं त्यांच्या मनात आहे. परदेशात अशा रुग्णांचं जगणं कितपत सुधारलं ते मोजण्यासाठी एक प्रश्नावली वापरतात. ती त्यांनी मागवली आणि माझ्याकडून मराठीत करून घेतली. मी निवृत्त मराठी शिक्षिका, अनुवादाची कामं करते. भाषांतर झाल्यावर ते ताडून पाहायला रुग्ण हवेत. प्रत्यारोपणाचा रुग्ण त्यांच्याकडे एकही नव्हता. मग ज्यांना स्वतःच्याच मांडीची नाहीतर हाताची कातडी तोंडावर लावली आहे, अशांवर ती चालवायची ठरली. मी शंका काढली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "अहो, चेहरा तो चेहराच!"

प्रश्न विचारायला जाणारी मुलगी ऐनवेळी नोकरी सोडून गेली आणि प्रश्नावल्यांची पिशवी माझ्या गळ्यात पडली. सूचना तीन होत्या. उत्तर सुचवायचं नाही. प्रश्न समजावून सांगायचा नाही. आणि ऐकताना आपल्या चेहऱ्यावर कसलाही भाव आणायचा नाही. छत्तीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते दहा गुण, दहा म्हणजे उत्तम. तीस वर्षं पेपर तपासलेल्या बाईला यात अवघड ते काय, असं मला वाटलं. कानाला खडा लावावा अशा ज्या थोड्या गोष्टी आयुष्यात केल्या, त्यांतली ही एक.

उल्हासनगर, कॅम्प एक

उल्हासनगरच्या जुन्या निर्वासित छावण्यांचे आता मोहल्ले झाले, पण नाव कॅम्पच राहिलं; पत्ता विचारला की इथला माणूस आधी "कौनसा कॅम्प?" विचारतो आणि उत्तर ऐकल्यावरही बोट दाखवतो ते दोन दिशांना. गल्ल्या अशा की हात पसरले तर दोन्हीकडच्या दुकानांत गिऱ्हाईक म्हणून धरले जाऊ. मनोहरलाल यांचं बटणं आणि चेन यांचं दुकान त्यातल्या एका गल्लीत आहे. इन्व्हर्टरची बॅटरी फुटून त्यांचं नाक आणि उजवा गाल गेला होता. आता नाक आहे, गालही आहे. गाल किंचित वेगळ्या रंगाचा आहे, पण त्या गल्लीत उजेडच इतका कमी की कोण बघतो.

बसल्याबसल्या पाणी आणि पाण्याबरोबर भाजलेला पापड आला. आमच्याकडे पाहुण्याला गूळपाणी देतात. पाण्यावर पापड ही सिंधी रीत मला चमत्कारिक वाटली आणि मी तीन पापड खाल्ले. मग दाल-पकवान आलं. तेही संपवलं. मग चेहरा कोरा करून कागद काढला.

"तुमच्या चेहऱ्याचा पूर्वीचा धनी असलेल्या व्यक्तीविषयी तुमच्या मनात विचार येतात का?" हा माझ्याच हातचा अनुवाद. वाचताना जीभ चावावीशी वाटली.

मनोहरलाल गालावरून हात फिरवत म्हणाले, "मॅडम, ये तो माझीच मांडी आहे. मांडीचा काय विचार करणार?"

"किती गुण?"

"दहा लिहा ना. सगळीकडे दहा लिहा."

"असं नाही चालत. प्रश्न तरी ऐका."

"मॅडम, आपलं पण दुकान आहे. एक स्टार कमी पडला, तर गिऱ्हाईक बाजूच्या दुकानात जातो. डॉक्टरसाबने इतनी मेहनत की, मी त्यांचं रेटिंग खराब करू?"

छत्तीस वेळा विचारलं, छत्तीस वेळा दहा आले. नव्या व्यक्तीशी प्रेमसंबंध जुळवताना संकोच वाटत नाही ना, या प्रश्नाला त्यांनी आतल्या खोलीकडे पाहून, आवाज खाली आणून दहा दिले. निघताना म्हणाले, "फोटो घेऊ का या पानांचे? आठवण." मला वाटलं, साधा माणूस आहे. घेऊ दिले.

इतकी वर्षं परीक्षेचे गठ्ठे कुलपात ठेवणारी मी, आणि भरलेली उत्तरपत्रिका स्वतःच्या हाताने कॅमेऱ्यासमोर धरली. आठवलं की अजून डोकं फिरतं.

अंबरनाथ

अंबरनाथला माझी भाची राहते, तिच्याकडे मुक्काम होता. सकाळी तिने जुनं शिवमंदिर दाखवायला नेलं. दगडातलं काम बघत राहावं असं आहे. बाहेरच्या भिंतीवर कितीतरी मूर्तींची नाकं झिजली आहेत, ओठ गेले आहेत, काहींचा अख्खा चेहरा सपाट झालाय. त्यांना कोणी गुण विचारायला जात नाही, लोक फुलं वाहून पुढे जातात. भाचीला म्हटलं, यांचं बरं आहे. ती म्हणाली, "मावशी, देवळात तरी टोमणे मारू नकोस."

परतताना प्रश्नावलीच्या प्रती काढल्या. झेरॉक्सवाला फोनवर कुणाशी तरी भांडत होता आणि त्या रागात त्याने दुसरं आणि तिसरं पान उलटसुलट टाचलं. मी पाहिलं नाही.

संगीता ही तिशीची बाई औद्योगिक वसाहतीत पॅकिंगचं काम करते. कुकर फुटून जबड्याची एक बाजू भाजली होती, आता तिथे हाताची कातडी आहे. चाळीतली एकच खोली, पण लख्ख. तिने केस नीट बांधले होते, ठेवणीतली साडी नेसली होती आणि हाताची घडी घालून माझ्यासमोर ताठ बसली होती. असं कोण बसतं ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पहिलं पान सुरळीत झालं. सगळे दहा. मग मी विचारलं, "रात्री शांत झोप लागते का?"

"हो मॅडम, हॉटेलात सगळ्यांसमोर बिनधास्त जेवते. दहा."

मी वर पाहिलं. पुन्हा विचारलं, "झोप लागते का?"

"आणि लग्नाकार्यातही फोटो काढून घेते. दहा," ती म्हणाली आणि तिचा आवाज बसला.

पेपर फुटला की वर्गात एक विशिष्ट शांतता होते. ती मी ओळखते. मी हात पुढे केला आणि तिने निमूटपणे मोबाईल दिला. रुग्णांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर मनोहरलाल यांच्या कागदाच्या सगळ्या पानांचे फोटो होते, खाली लिहिलं होतं, 'ये सब पूछेंगे, सब में १० बोलना.' त्याखाली हात जोडल्याच्या खुणांची रांग.

"हे कशासाठी केलंत?"

संगीताचे डोळे भरले. "मॅडम, सगळे बोलतात की मार्क कमी पडले तर हॉस्पिटल नाव काढून टाकणार. परत कधी बोलावणार नाही. मला अजून घास नीट चावता येत नाही. माझं नाव काढलं तर मी कुठे जाऊ?"

दुपारी डॉक्टरांना फोन लावला. पेपर फुटल्याचं सांगायचं होतं. पण मी दोन रुग्णांचे आकडे सांगताच पलीकडून आनंदाचे उद्गारच ऐकू आले.

"वा! म्हणजे दोघंही समाधानकारक. फाईल बंद."

"फाईल बंद म्हणजे?"

"अहो, खाटा किती, रुग्ण किती! सगळ्यांना परत कसं बोलवणार? प्रश्नावलीवर एक रेघ ठरवली आहे. जे रेघेच्या खाली, त्यांना तपासणीला बोलावून पुढची शस्त्रक्रिया द्यायची. जे वर, ते बरे झाले."

म्हणजे गोष्ट नेमकी उलटी होती. पुन्हा बोलावणं यावं म्हणून ही माणसं घोकून घोकून दहा सांगत होती, आणि त्या दहांनीच त्यांचं बोलावणं कापलं जात होतं. रुग्णांचा समज उलटा आहे, एवढं मी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "हे त्यांना मुळीच सांगू नका हं, उत्तरं दूषित होतील. तुम्ही फक्त विचारा आणि लिहा." उत्तरं आधीच नासली आहेत हे त्यांच्या कानावर घालेपर्यंत फोन बंद झाला होता. सोन्याचा हात असलेल्या माणसाला कान पितळेचे का मिळतात, कोण जाणे.

बदलापूर गाव

बदलापूर म्हटलं की आता उंच इमारती आणि त्यांची परदेशी नावं दिसतात. बदलापूर गाव त्यांच्यापासून थोडं लांब, आपल्या जुन्या वळणांत बसलेलं आहे. हिरूबाईंच्या अंगणात आठ दिवसांवर आलेल्या लग्नाची तयारी चालली होती. नातीचं लग्न. बायका तांदूळ पाखडत होत्या.

हिरूबाई साठीच्या आतबाहेरच्या. दोन वर्षांपूर्वी एका लग्नघरी गॅसचा भडका उडून त्यांचं तोंड भाजलं. डॉक्टरांनी नवे ओठ केले. पण नवी कातडी आक्रसत गेली आणि खालचा ओठ हनुवटीकडे ओढला गेला. तो आता वरच्या ओठाला टेकत नाही. तेव्हापासून त्या डॉक्टरांकडे गेल्या नाहीत. कुणी बोलावलंच नव्हतं.

त्यांचं बोलणं मी इथे पुरतं लिहिते आहे. प्रत्यक्षात ओठ मिटून येणारी सगळी अक्षरं, प आणि ब आणि म, त्यांच्या तोंडून नुसत्या वाऱ्यासारखी निसटत होती.

"या बाई, बसा. आदी जेवाचा, मंग पेपर."

पेपर! इथेही पोचला होता. सून सुनंदा पदर खोचून दारात उभी होती, तिच्या हातात मोबाईल होता आणि ती माझ्याकडे पाहून जरा जास्तच हसत होती.

तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण आणि वर तळलेला बोंबील. मिरजेत सुकटीच्या नावाने नाकं मुरडतात, मीही मुरडत आले. त्या दिवशी दोनदा वाढून घेतलं. हिरूबाई मात्र पानावर बसल्या नाहीत. मी आग्रह केला तर म्हणाल्या, "माझा जेवन झाला." पाणी घ्यायला आत गेले तेव्हा त्या चुलीकडे तोंड करून, हनुवटीखाली फडकं धरून जेवत होत्या. भाताची शितं फडक्यावर पडत होती. मी तशीच मागे आले.

मग कागद काढला.

"चारचौघांत बसून जेवता का?"

"दहा," हिरूबाई म्हणाल्या.

"बोललेलं लोकांना स्पष्ट कळतं का?"

"दहा."

"कुटुंबाच्या समारंभांत पूर्वीसारखा भाग घेता का?"

त्यांनी अंगणाकडे पाहिलं. सुनंदाने दारातून दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली. तेवढ्यात अंगणातून कुणीतरी हाक मारली, "आत्ये, मांडवाच्या धवल्यान पयला नाव कोनाचा गो?" हिरूबाई उठून दारात गेल्या. त्यांनी उत्तर दिलं, पण ते कुणाला कळलं नाही. पुन्हा सांगितलं. बायकांनी मान हलवली, तीही न कळताच. हिरूबाई परत येऊन बसल्या आणि पदर तोंडावर घेतला.

धवला म्हणजे काय ते मला तोवर ठाऊक नव्हतं, सुनंदाने सांगितलं. आगरी लग्नात मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत एकेक विधी गाण्यांनी लागतो. ती गाणी म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. गाणी कुठल्या वहीत नाहीत, तिच्या तोंडातच असतात. हिरूबाई या गावच्या धवलारीण. आसपासच्या गावांतही त्यांच्याशिवाय मांडव चढत नसे. आणि आता स्वतःच्या नातीच्या मांडवात दुसऱ्या गावची बाई बोलावली होती.

मी कागद उलटा ठेवला. "हिरूबाई, हे परीक्षेत नाही. नुसतं एकदा 'मांडव' हा शब्द म्हणा."

त्यांनी प्रयत्न केला. खालचा ओठ वर यायला धडपडला, मानेच्या शिरा ताठ झाल्या. नुसती हवा आली. पुन्हा केला. डोळ्यांतून पाणी आलं तेही त्यांना गालावर कळलं नाही, सुनंदाने पुढे येऊन पुसलं.

मला भयंकर राग आला. डॉक्टरांचा, प्रश्नावलीचा, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा, कारण तिचं मराठी मीच केलं होतं आणि 'कुटुंबाच्या समारंभांत पूर्वीसारखा भाग घेता का' असं लिहून एका बाईचा अख्खा धंदा, मान आणि आवाज मी सहा शब्दांत गुंडाळला होता. तिन्ही सूचना मी त्याच क्षणी मोडल्या. सरळ सांगितलं, "दहा म्हणालात तर तुम्हाला बरं झालं म्हणून लिहितील आणि परत कधी बोलावणार नाहीत. खरं सांगितलंत तर बोलावतील. ओठ सोडवायची शस्त्रक्रिया असते. खरं सांगा."

सुनंदाने कपाळावर हात मारला. "अगं आई, आनी मीच पाठ करून घेतला!"

मला वाटलं, संपलं. पण हिरूबाईंनी मान हलवली. "नाय."

"का नाही?"

"डाक्टरनी मना तोंड दिला. मी जलली तवा आरशान बघवत नव्हता. त्यांनी बारा तास उभा राहून शिवला. त्या मानसाला मी नापास करू? मना पाप लागंल."

"त्यांना नापास करायचं नाहीय हो! ही त्यांची परीक्षा नाही."

"मंग कोनाची?"

मी हातातल्या कागदाकडे पाहिलं. आणि खरं तर बरोबर त्याच होत्या. कागदावर वर डॉक्टरांचं नाव छापलं होतं, खाली गुण. कोणालाही वाटेल की गुण त्यांचेच. मी समजावलं, चिडले, हात टेकले. सुनंदा विनवून थकली. बाहेर तांदळाची सुपं वाजत होती आणि हिरूबाई पदराआड तशाच बसून राहिल्या.

शेवटी त्याच म्हणाल्या, "बाई, तुमी शालेन होत्या ना? मंग दोन इषय वेगले करा. डाक्टरचा वेगला, तोंडाचा वेगला."

मी पेन काढलं. कागदाच्या अगदी वर, छापील चौकटीच्या बाहेर, पट्टी नव्हती म्हणून भाकरीच्या परातीच्या कडेने रेघ मारली आणि लिहिलं: 'विषय पहिला: डॉक्टर.' विचारलं, "किती?"

"दहा," हिरूबाई म्हणाल्या. मी ते दहा लिहिताना त्यांनी वाकून पाहिलं, एकावर शून्य नीट आलं ना ते.

"विषय दुसरा, तोंड. चारचौघांत जेवता?"

"शून्य."

"बोललेलं कळतं?"

त्यांनी सुनेकडे पाहिलं. सुनंदा रडत रडत म्हणाली, "दोन. मना कलतं ना."

"समारंभांत भाग?"

"शून्य," हिरूबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "एक लिवा. तांदूल निवडते."

असे सगळे प्रश्न झाले. बारा ठिकाणी शून्य होते, पण उठल्या तेव्हा बाई तोंडावरचा पदर काढून उठल्या आणि माझ्यासमोर बसून चहा प्यायल्या, फडकं धरून, बशीतून.

परतीच्या वाटेवर अंबरनाथला उतरून संगीताचा पेपर पुन्हा घेतला, या वेळी पानं क्रमाने लावून. तिनेही आधी डॉक्टरांना दहा दिले. मनोहरलाल यांना फोनवर समजावलं, तर म्हणाले, "मॅडम, आता परत टेबलावर झोपायची हिंमत नाही. माझं दहा फायनल." ते कदाचित त्यांचं खरंच उत्तर असेल. मोडलेल्या सूचना, फुटलेला पेपर, सगळं मी स्वतःच्या अक्षरात लिहून कागदांना जोडलं आणि मुंबईला पाठवलं.

मिरज

महिन्याभराने डॉक्टरांचा फोन आला. माझ्यामुळे त्यांचा अभ्यास नासला, असं त्यांनी दहा मिनिटं सांगितलं. ऐकण्याची वेगळी फी न लावता मी ते ऐकून घेतलं. आकडे मात्र रेघेच्या खाली होते आणि नियम त्यांचाच होता, म्हणून संगीता आणि हिरूबाई दोघींना बोलावणं गेलं होतं. हिरूबाईंच्या ओठाची तारीखही ठरली होती.

"आणि ती वरची ओळ पाहिलीत का?" मी विचारलं.

"कुठली ओळ?"

नंतर त्यांच्या मदतनीस मुलीने सांगितलं. कागद यंत्रातून जातात तेव्हा फक्त छापील चौकट उचलली जाते. चौकटीबाहेरचं कापलं जातं. डॉक्टर कागद पाहतच नाहीत, बेरीज पाहतात. मूळ कागद गठ्ठा बांधून कुठल्याशा कपाटात गेले.

त्याच आठवड्यात सुनंदाने फोन लावून सासूच्या हाती दिला. लग्न झालं होतं. दुसऱ्या गावच्या धवलारणीने मांडव लावला होता. "दोन जागी चुकली ती," हिरूबाई म्हणाल्या, आणि फोनवरसुद्धा त्यांचं समाधान मला ऐकू आलं. "मना आतल्या आत सगला येत होता. आता धाकटे नातीच्या वक्ताला मीच."

"बाई, एक इचारू? डाक्टरना त्यांचे दहा मिलाले ना?"

तीस वर्षांत मी कुणाचाही निकाल फिरवला नाही. मुख्याध्यापकांच्या भाच्याला एका गुणाने नापास केलं होतं, आणि त्याचा मला अजून अभिमान आहे.

"मिळाले," मी म्हणाले. "पैकीच्या पैकी."